झिरोताईची भरलेली टाकी

आमच्या पेट्रोल पंपावर ती कामाला लागली तेव्हा मॅनेजरपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचं एकच मत होतं, ही बाई टिकायची नाही. 'आमच्या' म्हणतो ते सवयीनं. पंप मालकाचा. माझी आपली त्याच्या कुंपणाला टेकून उभी असलेली हवा-पंक्चरची टपरी. पण जन्मभर एका कोपऱ्यात बसून दुसऱ्यांच्या टायरांतले खिळे उपसणाऱ्या माणसाला एवढं म्हणायचा हक्क असायला हरकत नाही.

ती टिकली. नुसती टिकली नाही, लोक मुद्दाम तिच्याच मशीनसमोर लाईन लावायला लागले. त्याचं कारण तिची एक सवय. गाडीचं झाकण उघडलं की ती नोझल हातात धरून थांबायची आणि म्हणायची, "झिरो बघा." आता हे सगळेच म्हणतात. बाकीचे तोंडानं झिरो म्हणतात आणि तेवढ्यात हातानं सुरूही करतात. ही गिऱ्हाइकाची मान मीटरकडे वळल्याशिवाय चाप दाबायची नाही. कोणी फोनवर बोलत असला तर त्याचं बोलणं संपेपर्यंत उभी. मागचे हॉर्न वाजवून हैराण व्हायचे, हिच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. त्यावरून तिचं नाव पडलं झिरोताई. खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

दुसरी सवय म्हणजे तोंडाला कुलूप. घरचं काही बाहेर बोलायची नाही. नवरा छापखान्यात आहे हे मला कळलं ते तो एकदा पंक्चर काढायला आला म्हणून. बोलायची ती फक्त वडिलांबद्दल, आणि तेही मी तिच्या स्कूटरची हवा बघत असताना. वडील बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन आता घाटापलीकडे थोरल्या भावाकडे राहत होते. त्यांनीच हिला स्कूटर शिकवली होती, आणि शिकवताना एक वाक्य डोक्यात असं ठोकून बसवलं होतं की ते निघता निघेना. "लांब जायचं तर घरून टाकी भरून निघावं. वाटेतल्या पंपाच्या भरवशावर निघतो तो ड्रायव्हर नव्हे, भिकारी."

एरवी मात्र ती स्वतःच्या गाडीत घरी जाऊन परत येण्यापुरतंच पेट्रोल टाकायची. कामाची पाळी संपली की, सगळ्यांच्या देखत, आणि स्वतःसुद्धा मीटरकडे बघून. मी थट्टा करायचो, "बाई, स्वतःवर तरी विश्वास ठेव." ती म्हणायची, "काका, सवय एकदा मोडली की मोडली."

त्या आठवड्यात टँकर जरा मागेपुढे येत होते. पेपरात कुठेतरी कोपऱ्यात तसं छापूनही आलं होतं. लोक वाचत होते, 'हं' म्हणत होते आणि पान उलटत होते. काळजी होती, पण ती अजून घरात बसलेली होती, रस्त्यावर आली नव्हती.

त्या सकाळी झिरोताई आली आणि पाळी सुरू व्हायच्या आधीच तिनं स्कूटर मशीनला लावली. टाकी काठोकाठ भरली. मग माझ्याकडे आणून म्हणाली, "काका, दोन्ही चाकांची हवा बघा. दुपारी घाट चढायचाय."

"वडील?"

"दादाचा फोन आला रात्री. आजारी आहेत, माझं नाव काढतायत. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं नाही, सावकाश या. दुपारी पाळी संपली की निघते."

मी हवा बघितली. आमच्यातलं बोलणं एवढंच. पण ती टाकी भरत असताना तिच्यामागे एक रिक्षावाला उभा होता. त्याला स्टँडवर सगळे रेडिओ म्हणतात. हा रेडिओ बंद करायला बटण नाही. त्यानं विचारलं, "काय झिरोताई, आज टाकी फुल? काही खबर आहे वाटतं?"

ती म्हणाली, "काही नाही."

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, बाबा, वडील आजारी आहेत. विषय तिथंच संपला असता. पण ही पडली घुमी. आणि पंपावर काम करणारी बाई, जी रोज चमचाभर पेट्रोल टाकते, ती एके दिवशी टाकी फुल करते आणि वर 'काही नाही' म्हणते, तेव्हा ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ एकच लागतो. रेडिओनं स्वतःची टाकी भरली, स्टँडवर गेला आणि प्रसारण सुरू केलं. एकाचे दोन झाले, दोनाचे चार. "पंपवाल्यांनाच माहीत असतं ना! त्यांनी आधी आपलं भरून घेतलं."

पुढचं मी माझ्या टपरीतून बघितलं. आधी रिक्षा आल्या. मग ऑफिसला निघालेले आले. मग कोणीतरी कॅन घेऊन आला, आणि कॅन दिसल्याबरोबर लोकांची अक्कल गहाण पडली. बाटल्या आल्या, बरण्या आल्या. एक गृहस्थ झाडांना पाणी घालायची झारी घेऊन आले होते. ज्यांच्या टाक्या भरलेल्या होत्या तेही लाईनीत उभे होते, झाकणापर्यंत अजून एक घोट मावतो का बघायला. मी एकाला विचारलं, "अहो, कालच तर भरलं होतं तुम्ही." तो म्हणाला, "काल कुठे माहीत होतं?"

आणि कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. सकाळी यायचा टँकर आलाच नाही.

दुपार होईपर्यंत पंपाच्या दोन्ही फाटकांतून मुंगी शिरायला जागा उरली नाही. शेजारच्या लाईनीत दोनदा हाणामारी झाली. झिरोताईची लाईन तेवढी शांत होती, कारण तिच्यासमोर वशिला चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी प्रत्येक जण प्रयत्न करून बघत होता. त्या दिवशी मला कळलं की गावात एकही घर धडधाकट नाही. कोणाची आई दवाखान्यात, कोणाची बायको अडलेली, कोणाच्या मेहुण्याचा अपघात. कॅनवाला एक जाडा माणूस लाईन मोडून पुढे आला आणि गळा काढून म्हणाला, "ताई, सासू सिरियस आहे हो!"

ती मान वर न करता म्हणाली, "लाईनीत या. झिरो सगळ्यांना सारखाच."

लोक हसले. तिचं कौतुकही झालं. तो माणूस पाय आपटत मागे गेला. त्याची सासू खरंच आजारी होती का, देव जाणे. असेलही.

पाळी संपायच्या सुमारास तिचा फोन वाजला. तिनं नोझल जागेवर ठेवलं, एका कानात बोट घातलं आणि ऐकत राहिली. मला टपरीतून तिचा चेहरा दिसत होता. ती सरळ मॅनेजरकडे गेली.

"मला निघायचंय. आत्ता. वडिलांचं जास्त झालंय."

मॅनेजर घामानं भिजला होता. "अगं, दुसऱ्या पाळीचा माणूस आलाच नाही. फोन केला तर म्हणतो, पेट्रोल नाही म्हणून पलीकडच्या पंपाच्या लाईनीत उभा आहे." त्यानं खरोखर हात जोडले. "तू हललीस तर हे लोक मला फाडून खातील. टँकर येईपर्यंत थांब. मी स्वतः तुला रस्त्यापर्यंत सोडतो."

"साहेब, नाही थांबता यायचं."

तिनं पाठीवर पिशवी अडकवली आणि माझ्या टपरीपाशी आली. लाईनीत एकच कालवा झाला. "अहो, चालल्या कुठे? आमचा नंबर आलाय!" तिनं स्कूटर सुरू केली आणि जायला वाट बघितली. वाट नव्हती. पुढच्या फाटकाला रिक्षा आणि गाड्या एकमेकींना चिकटलेल्या, मागच्या फाटकाला दुचाक्यांचा ढीग. मी उठलो, ओरडलो, "सरका, बाईला जाऊ द्या." कोणी सरकेना. सरकायचं म्हणजे नंबर सोडायचा, आणि नंबरासाठी माणसं सकाळपासून उन्हात भाजत होती.

तेवढ्यात कोणाची तरी नजर तिच्या स्कूटरच्या काट्यावर गेली. "अरे, हिची टाकी फुल आहे बघा!"

पुढे मला जे आठवतं ते आठवू नये असंच वाटतं. माणसं तिच्या स्कूटरभोवती गोळा झाली. "आम्हाला झिरो दाखवते आणि स्वतःची टाकी भरून पळते!" कोणी हँडल धरलं, कोणी मागून कॅरिअर धरलं. ज्या बाईनं कधी कोणाचा एक थेंब मारला नाही, तिला ही भरल्या टाक्यांची माणसं चोर म्हणत होती.

तिनं आयुष्यात पहिल्यांदा घरची गोष्ट चारचौघांत सांगितली. मोठ्यानं. "माझे वडील सिरियस आहेत. मला घाटापलीकडे जायचंय. सोडा मला."

मग तो जाडा कॅनवाला म्हणाला, "लाईनीत या, ताई. झिरो सगळ्यांना सारखाच."

असे हसले सगळे! मला त्याच्या कानाखाली आवाज काढायचा होता. मी पुढे घुसलोसुद्धा, पण दोन धक्क्यांत मला टायरांच्या ढिगावर बसवलं. या वयात हाताला बळ राहत नाही आणि तोंडाला कोणी भीत नाही. तिची मात्र मला वेगळीच भीती वाटली. तो माणूस काय म्हणाला ते तिला पटल्यासारखी ती त्याच्याकडे बघत होती. दिवसभर तिनं हेच ऐकलं होतं आणि दिवसभर हेच उत्तर दिलं होतं. आता तिचं खरं दुसऱ्यांच्या खोट्यापेक्षा वेगळं दिसणार कुठून? सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते असं.

तिनं स्कूटर बंद केली आणि माझ्या शेजारी टायरांवर येऊन बसली.

मी म्हटलं, "पोरी, गाडी राहू दे इथं. चालत चौकात जा, बस बघ."

"बस डेपोतून सुटतच नाहीयेत, काका. नवरा तिथं जाऊन आला."

"मग कोणाची गाडी?"

तिनं समोर हात केला. एवढ्या गाड्या, आणि घाटापलीकडे जाणारी त्यांतली एकही नव्हती. पेट्रोल मिळालेले लोक घरी जाऊन गाडीला कुलूप लावत होते. भरून घेतलेलं वापरायचं थोडंच असतं!

थोड्या वेळानं मशीन खोकली आणि बंद पडली. मॅनेजरनं 'पेट्रोल नाही' अशी पाटी लावली. मला वाटलं, आता पांगतील. पण निम्म्या लोकांच्या गाड्यांत घरी जाण्याइतकं पेट्रोल नव्हतं आणि उरलेल्यांना नंबर सोडवेना. सगळे तसेच उभे राहिले, कोरड्या पंपासमोर.

भावाचा पुन्हा फोन आला. हॉर्नच्या गोंगाटात ती ओरडून बोलत होती. "दादा, निघालेय म्हणून सांग त्यांना! टाकी फुल केलीय म्हणून सांग, त्यांच्या जिवाला बरं वाटेल! येतेच मी!" आणि फोन खिशात टाकून ती माझ्या शेजारी पुन्हा बसून राहिली. मला तिच्याकडे बघवेना. मी एक चांगली ट्यूब पाण्यात बुडवून नसलेलं भोक शोधत बसलो.

ऊन उतरल्यावर टँकर आला. आणि तो आत शिरू शकेना, कारण त्याची वाट बघणारे लोकच त्याच्या वाटेत उभे होते. पोलिसांनी काठ्या आपटत वाट मोकळी केली. टँकर आत आला त्या फटीतून झिरोताईनं स्कूटर काढली आणि ती गेली. टँकरचा ड्रायव्हर माझ्याकडे स्टेपनी घेऊन आला. मी विचारलं, उशीर का झाला? तो म्हणाला, "काही नाही, काका. चाक पंक्चर."

ती परत कामावर आली तेव्हा पंपावर सगळं पहिल्यासारखं होतं. टँकर वेळेवर येत होते. लोक घरातले कॅन कुठे लपवावेत या विवंचनेत होते. रेडिओ अजून सगळ्यांना सांगत होता की त्यानं कसं सगळ्यांच्या आधी ओळखलं. मॅनेजरनं तिला दोन दिवस जास्त सुट्टी घे म्हटलं, तिनं नको म्हटलं.

स्कूटर माझ्यापाशी लावून ती म्हणाली, "काका, हवा बघता?"

मी खाली बसलो. वडिलांचं ती सांगेल तर सांगेल.

"रस्त्यातच होते मी," ती म्हणाली. "अर्ध्या घाटात दादाचा फोन आला."

मी पुढच्या चाकाला हवेची नळी लावली.

"काका, ती लाईन माझ्यामुळेच लागली ना? रेडिओनं मला भरताना बघितलं म्हणून?"

"लोक मूर्ख असतात, पोरी. तुझा काय दोष त्यात?"

"तेवढ्या रस्त्याला अर्धी टाकी पुरली असती," ती म्हणाली. "दादानं माझा निरोप सांगितला त्यांना. त्यांनी विचारलं, 'टाकी भरून निघालीय ना?' दादा म्हणाला, 'हो, फुल.' तर म्हणाले, 'मग येईल.' आणि दाराकडे तोंड करून पडून राहिले."

तिच्या मशीनपाशी एक गाडी येऊन उभी राहिली होती. हॉर्न वाजला, तशी ती उठून गेली.