मुकं केलेलं इंजिन

१९९८ च्या अखेरीस आमचं युनिट उत्तरेला, बर्फाच्या कडेला गेलं. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. माझ्याबरोबर नाईक महादेव, डिस्पॅच रायडर. फौजेत त्याला डीआर म्हणतात. जे वायरलेसवर बोलायचं नाही ते पाकिटात घालून मोटारसायकलवरून पोचवायचं, हे त्याचं काम. तो मालगुंडच्या अलीकडचा, मी संगमेश्वरच्या वरच्या अंगाचा. तिकडे इतक्या लांब गेल्यावर रत्नागिरीचा माणूस म्हणजे सख्खा भाऊच. सगळे त्याला महादेव म्हणत, मी म्हादू म्हणायचो.

म्हादूची स्वतःची एक जुनी बुलेट गावाला होती. फौजेनं निकालात काढलेली, लिलावात घेतलेली, आमच्या दोघांच्या भरतीपेक्षा जुनी. सुट्टी जमून आली की मी त्याच्या घरी जायचो आणि अंगणात फणसाखाली आम्ही तिचे टॅपेट, म्हणजे वाल्वच्या दांड्यांमधली फट, सेट करायचो. चहा नंतर, टॅपेट आधी. कारण इंजिन गार लागतं, रात्रभर उभं असलेलं. पिस्टन वर आणायचा, दोन्ही वाल्व मिटलेले पाहिजेत. बाजूचं झाकण काढलं की आत दोन उभ्या दांड्या दिसतात. एकेक दांडी दोन बोटांत धरून फिरवायची. सहज फिरली पाहिजे, वरखाली मात्र हलता कामा नये. एग्झॉस्टची दांडी किंचित सैल. मग नट आवळायचा. नट आवळताना सेटिंग हमखास सरकतं, म्हणून पुन्हा फिरवून बघायचं. पुन्हा सरकलं, पुन्हा पहिल्यापासून. म्हादू या कामात माझ्याहून चिकट होता.

त्याचे वडील तात्या ओटीवर सुपारी कातरत बसलेले असायचे. इंजिन सुरू केलं की बारीक टिकटिक यायची.

"लागलं काय रे तुमचं घड्याळ?" तात्या विचारायचे.

"लागलं. हे घड्याळ चालतंय तवर गाडी चालतेय, तात्या," म्हादू म्हणायचा.

ती टिकटिक कशाची ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. इंजिन तापलं की वाल्वची दांडी लांबते. तिला लांबायला जागा ठेवावी लागते. त्या जागेचा आवाज म्हणजे टिकटिक. जागा ठेवली नाही, तर तापलेला वाल्व पुरता मिटत नाही, दाब सुटतो, गाडी चढावर मान टाकते. आणि इंजिन गार होईपर्यंत किका मारून पाय मोडला तरी सुरू होत नाही. पण सिव्हिलियन माणसाला टिकटिक सोसत नाही. गॅरेजात जातो आणि म्हणतो, आवाज बंद कर. गॅरेजवाला टॅपेट आवळून टाकतो, गिऱ्हाईक खूश. फौजेत असं होत नसेल, असं तुम्हाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या.

९९ च्या उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावर तोफगोळे पडायला लागले. आणि अशा दिवसांत वरून इन्स्पेक्शन आलं. हसू नका, येतं. आदल्या दिवशी दगडांना चुना लागला, टायर काळे केले गेले, स्पॅनर उंचीप्रमाणे मांडले. मोटारसायकली ओळीत उभ्या करून एकेक सुरू करून दाखवायची होती. आमचे सुभेदार साहेब कान लावून ओळीतून फिरले. म्हादूच्या गाडीपाशी थांबले.

"ये सिलाई मशीन है क्या? आवाज़ बंद करो."

मी म्हटलं, "साहब, गॅप सही है. कम किया तो गरम होके बंद पडेगी."

सुभेदार साहेब स्वतः मेकॅनिक. सव्वीस वर्षं ग्रीस खाल्लेला माणूस. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मेरे को मालूम है. कल का दिन निकलने दे. परसों ढीला कर लेना."

हे लक्षात ठेवा. त्यांना माहीत होतं. अडाणी माणसाची चूक मी माफ केली असती. एका साहेबाच्या कानाला बरं वाटावं म्हणून त्यांनी ठाऊक असून केलं. मी म्हटलं, मी करणार नाही. "ठीक है," म्हणाले, आणि मला गेटवर गार्ड ड्यूटीला पाठवलं. माझ्या जागी दुसऱ्या एका पोराला स्पॅनर दिला. म्हादू संध्याकाळी गेटवर आला आणि हसत म्हणाला, "माझी बाय गप झाली रे. नवरीवाणी उभी हाय."

इन्स्पेक्शन झकास झालं. मोठ्या साहेबांनी मान डोलावली. सुभेदार साहेबांना शाबासकी मिळाली. चहाबरोबर पकोडे होते. दुपारी मी गार्ड ड्यूटीवरून सुटलो ते थेट वर्कशॉपमध्ये गेलो, तर गाडीला हात लावायचा नाही असा हुकूम. मोठे साहेब अजून मेसमध्ये आहेत, जाताना पुन्हा नजर टाकतील.

तीनच्या सुमाराला तोफा सुरू झाल्या. पुढच्या कंपनीची टेलिफोन लाइन तुटली. रात्रीचे कोड बदलायचे होते, ते हवेतून पाठवता येत नव्हते. डीआर पाठवा. ओळीत पहिली उभी होती ती म्हादूची गाडी, धुतलेली, पुसलेली, मुकी. मी धावत गेलो. "दहा मिनिटं दे मला, ढिले करतो." त्यानं पाकीट छातीशी खोचलं होतं. "दहा मिनिटं नायत रे," म्हणाला. "चढापर्यंत जाईन, थांबवून गार करीन, पुढे काढीन." तेही बरोबरच होतं, तोफांनी वाटेत थांबू दिलं असतं तर. जाताना आवाज ऐकला. टिकटिक नाही. इतकं गुळगुळीत इंजिन मी त्या रस्त्यावर कधी ऐकलं नव्हतं.

चढाच्या डोक्यावर एक उघडं वळण होतं. समोरच्या डोंगरावरून ते सरळ दिसायचं. तिथे कोणी रेंगाळत नसे. मी वायरलेसच्या तंबूपाशी उभा होतो. वरच्या पोस्टचा आवाज आला.

"डीआर मोड़ पे रुका है. ओव्हर."

"क्यों रुका है? ओव्हर."

"गाडी बंद. किक मार रहा है. ओव्हर."

"बोलो गाडी छोड दे. ओव्हर."

"दूर है, सुनेगा नहीं. किक मार रहा है." थोडं थांबून पुन्हा, "गाडी छोड दी. पैदल भाग रहा है. आगे की तरफ."

आगे की तरफ. मागे नाही. मागे खडकाचा आडोसा होता. म्हादू पाकीट घेऊन पुढे धावला. मग वायरलेसवर काही वेळ नुसती खरखर, आणि शेवटी, "डीआर गिर गया. ओव्हर."

पाकीट पोचलं. वरच्या पोस्टच्या दोन जवानांनी रांगत येऊन त्याच्या छातीवरून काढलं आणि पुढे नेलं. रात्रीचे कोड वेळेवर बदलले. म्हादूनं आपलं काम केलं.

नंतर चौकशी बसली. सुभेदार साहेब म्हणाले, रायडरनं निघण्याआधी गाडी तपासायला हवी होती. मी उभा राहिलो आणि टॅपेटचं सांगितलं. मला सांगण्यात आलं, "हवालदार, बैठ जाओ. टेक्निकल बात बाद में." ते बाद में आजतागायत आलेलं नाही. सुभेदार साहेब ऑनररी लेफ्टनंट होऊन रिटायर झाले. भल्या माणसासारखे दिसतात, मिशा अजून काळ्या करतात.

शवपेटीबरोबर त्याच्या गावी गेलेल्या साहेबांनी लोकांना एवढंच सांगितलं की, बिचाऱ्याची गाडी ऐन वेळी बंद पडली. त्यांना तेवढंच माहीत होतं. गावानं त्यात आपला मीठमसाला घातला. म्हादेवनं गाडीची निगा राखली नाही, म्हणून गेला. लढताना कुठे गेला? चहाच्या टपरीवर बसून असं बोलणाऱ्यांना काय लागतं हो!

मी २००२ ला पेन्शनीत आलो. दोन वर्षांनी त्याच्या गावानं शाळेच्या फाटकाशी हुतात्म्यांचा दगड उभारायचं ठरवलं. त्यावर तीन नावं, पूर्वीच्या लढायांतली. म्हादूचं नाव यादीत नव्हतं. तात्यांचं वय तेव्हा पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांना दुसरं काही नको होतं, दगडावर लेकाचं नाव हवं होतं. त्यांनी मला निरोप धाडला.

"माझं कोण आयकत नाय," ते म्हणाले. "तू हुतास थय. तू बोल."

ग्रामसभेत मी बोललो. टॅपेट म्हणजे काय, इन्स्पेक्शन म्हणजे काय, पाकीट कसं पोचलं, सगळं सांगितलं. तो पुढे धावला, मागे नाही, हेही सांगितलं. लोक ऐकत होते. मग सरपंच म्हणाले, "म्हणजे हवालदारसाहेब, शेवटी टॅपेटपायीच गेला ना तो?" मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. "आम्हाला वाईट वाटतं," सरपंच म्हणाले, "पण दगडावर लढून गेलेल्यांचीच नावं घालायची ठरलीत. उद्या रस्त्यावर अपघातात गेलेल्याचा बाप पण येईल." तात्या उठले, धोतर झटकलं आणि चालते झाले. मला त्या दिवशी सरपंचाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही याचं अजून वाईट वाटतं.

दगडाच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी सकाळीच तात्यांच्या घरी गेलो. म्हादूची बुलेट पडवीत ताडपत्रीखाली होती. अंगणात फणसाखाली आणली, कार्बोरेटर साफ करून ताजं पेट्रोल घातलं. फणस पूर्वीसारखाच, अंगण मात्र शेवाळलेलं. झाकण काढलं, दांड्या दोन बोटांत फिरवल्या. नट आवळताना सेटिंग सरकलं, पुन्हा केलं. एकट्यानं करताना एक हात कमी पडतो. म्हादू असता तर स्पॅनर त्यानं धरला असता. तात्या ओटीवर बसून बघत होते, सुपारी हातात तशीच.

चौथ्या किकला लागली. टिकटिक आली. तात्यांनी या वेळी घड्याळाचं विचारलं नाही. टोपी चढवली आणि म्हणाले, "मना मागं बसव."

आम्ही शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा भाषणं संपत आली होती. दगड चकचकीत होता. तीन नावं वर, आणि खाली त्याहून ठळक अक्षरांत उद्घाटन करणाऱ्या पुढाऱ्याचं. मी गाडी उभी केली, पण बंद केली नाही. तात्या मागेच बसून राहिले. मग सगळ्यांना उभं करून दोन मिनिटं शांतता जाहीर झाली. माणसं गप्प झाली आणि सगळ्या शाळेच्या आवारात एकच आवाज राहिला. टिक, टिक, टिक, टिक.

लोक माना वळवून बघायला लागले. सरपंचांनी माइकवरून डोळे वटारले. "अहो, तो आवाज बंद करा!"

हा हुकूम मी दुसऱ्यांदा ऐकत होतो. माझा हात किल्लीकडे गेला नाही. तात्यांनी मागून माझा खांदा घट्ट धरला होता, आवाज खणखणीत.

"नाय बंद करणार," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "लेकाचं घड्याळ हाय माझ्या. तुमची दोन मिनिटं हुंदेत."

दोन मिनिटं ती चालली. बंद पडली नाही. मग मी गियर टाकला आणि तात्यांना घरी नेलं.

पुढच्या पावसाळ्यात तात्या गेले. दगड अजून तिथेच आहे, नावं अजून तीनच आहेत. गाडी माझ्याकडे असते, टॅपेट मी स्वतः लावतो. चौथं नाव दगडावर नाही, म्हणून इथे लिहितो. नाईक महादेव, डिस्पॅच रायडर. पाकीट घेऊन पुढे धावला.