कटोरीबाईने दुसरीही बाजू काढली

कटोरीबाई गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे आधी बघतच नसे. गल्लीच्या टोकाला एखादी दिसली की जिन्याखालच्या मशीनवरून ही म्हणणार, "छत्तीस. पण अडतीस सांगेल." टेप नंतर लावायची, तीही समोरचीचं समाधान म्हणून. मंडईच्या आसपास तिच्यासारखं कटोरी ब्लाउज कोणी शिवत नसे, म्हणून हे नाव. आता ती वारज्याला मुलीकडे राहते. तिचं खरं नाव मला पंचवीस वर्षं माहीत नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर वाचलं.

तिच्याबरोबर दवाखान्यात मीच जायची, कारण तिच्या नवऱ्याला तिथल्या वासानेच घेरी यायची. डाव्या बाजूला कॅन्सर निघाला. ती बाजू काढली, औषधं झाली, केस गेले, परत आले. रडली नाही. रिकाम्या जागी वजन हवं म्हणून मोहरीची पिशवी शिवून ब्लाउजात घालू लागली. एकदा मंडईत कोथिंबीर घेताना पिशवी उसवली आणि मोहरी पदरातून थेट भाजीवालीच्या टोपलीत. भाजीवाली आ वासून बघत राहिली.

"बघता काय? फोडणीचं बरोबरच ठेवते मी," बाई म्हणाली. मी हसून हसून तिथेच बसकण मारली.

पण उरलेल्या बाजूच्या तपासणीची तारीख जवळ आली की तिच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. आठ दिवस आधी जेवण सुटायचं. ताटावर बसायची आणि उठायची. एकदा माझ्या ब्लाउजाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. मी ओरडले, तर म्हणाली, "काकू, हात आपोआप तिथे जातो. चाचपत बसते दिवसभर. काल गाठ लागली असं वाटलं, बघते तर बरगडी."

शेवटी एकदा तिने डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, "दुसरंही काढा."

त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, तिकडे काही नाही. तुमच्या घरात कोणाला हा आजार नव्हता. ते काढून आयुष्य वाढेल असंही नाही. पहिला आजार उलटायचा असेल, तर तो शरीरात कुठेही उलटू शकतो."

मला राहवलं नाही. "चांगला अवयव कापायला निघालीस? वेडी की काय!"

"काकू, तुमचे दोन्ही जागेवर आहेत. तुम्ही गप्प बसा." मग डॉक्टरांना म्हणाली, "आयुष्य वाढवा असं मी कुठे म्हणते? जेवढं आहे तेवढ्यात दर सहा महिन्यांनी मरायचं नाही मला. आणि दिवसभर मशीनवर वाकून बसते. एकीकडे वजन, एकीकडे मोहरी. मान सरळ राहील का?"

डॉक्टरीणबाईंनी दोन महिने विचार करायला लावला. नवरा म्हणाला, "अंग तुझं आहे, तू ठरव." त्याच्या तोंडून एवढं शहाणपण मी पहिल्यांदाच ऐकलं. बाईने त्या दोन महिन्यांत स्वतःसाठी सपाट ब्लाउज शिवून ठेवलं. टक्स नाहीत, कटोरी नाही. म्हणाली, "किती सोपं! उगाच जन्मभर बायकांच्या कटोऱ्या जुळवत बसले."

ऑपरेशन सोपं नव्हतं. जखम लवकर सुकेना, हात वर जाईना, तीन महिने मशीन बंद. हेही लिहिते, नाहीतर वाचणारी एखादी उद्याच उठून जाईल. एकदा ती आरशासमोर उभी दिसली. मी विचारलं, "वाईट वाटतं का गं?"

"वाटतं. तुम्हाला कशाला सांगू?"

पुढे तपासणीचा दिवस आला. आता डॉक्टर नुसत्या हाताने बघणार होत्या. दुपारी मी तिच्याकडेच होते, तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला : सकाळी दहाला यायचं होतं, आला का नाहीत? बाईच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती ओरडली, "अगंबाई, विसरलेच की!"

चारपर्यंत या म्हणाले. वेडी म्हटल्याची माफी मी मागितली नाही, तेवढं मला जमत नाही. पण रिक्षा मी थांबवली आणि हाक मारली, "चल लवकर, उशीर होतोय."

"थांबवा त्याला जरा," ती आतून म्हणाली. "दोन घास खाऊन घेते. भूक लागलीय."

दोन घास कसले, तीन पोळ्या खाल्ल्या. रिक्षावाला कुरकुरत होता. मी म्हटलं, "जेवतेय ती. थांबायचं."