पहिलं पाणी

चर्चच्या वेदीवरचे कपडे धुणाऱ्या बाईला सगळे पांढरीमावशी म्हणत. जुने फादर तर चेष्टेने म्हणायचे, "मावशी, स्वर्गात गेलीस की देवदूतांचे झगे तुझ्याकडेच धुवायला येणार." नवरा वारल्यावर हे काम मिळालं, त्याला एकतीस वर्षं झाली होती. घरात सुनेचं राज्य. तिथे मावशीला खुंटीवरच्या छत्रीइतकाच मान. पण चर्चमागच्या धुण्याच्या खोलीत तिचाच शब्द चाले.

मिस्सेच्या प्रार्थनेत प्याल्यातल्या द्राक्षारसाचं ख्रिस्ताचं रक्त होतं, अशी श्रद्धा. म्हणून फादर ज्या रुमालाने तो प्याला पुसतात, तो साध्या मोरीत धुवायचा नसतो. त्यात त्या रक्ताचा एखादा थेंब राहिलेला असू शकतो. म्हणून पहिलं पाणी बिनसाबणाचं, आणि ते ओतायचं कोपऱ्यातल्या वेगळ्या दगडी बेसिनमध्ये. त्याची नळी गटाराला जात नाही, सरळ खाली मातीत उतरते. मावशीला वाचता जेमतेम येई, पण हे पहिलं पाणी तिने कधी चुकवलं नाही. तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा नाही.

मग पॅरिशमध्ये, म्हणजे या चर्चच्या धर्मग्रामात, पर्यावरण समिती स्थापन झाली. नवे फादर प्रवचनात म्हणाले, "ही सृष्टी देवाने आपल्याला राखायला दिलीय, ओरबाडायला नाही." खरंच होतं ते. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त इंजिनिअर. तोंडात सदा एकच वाक्य, एक थेंब वाया जाता कामा नये. म्हणून लोक त्यांना थेंबसाहेब म्हणत. त्यांनी झाडं लावली, प्लॅस्टिकचे पेले हद्दपार केले, आणि फरशी उखडून जमिनीखाली मोठी टाकी बसवली. बेसिनांचं पाणी गाळून पुन्हा वापरायचं. कशाला, ते मावशीला कोणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

आठ महिन्यांनी चर्चचा संडास तुंबला. प्लंबरने टाकीचं झाकण उघडलं आणि मावशी सहज डोकावली.

"हा पाइप कुठला रे?"

"तुमच्याच खोलीतला, मावशी. सगळी बेसिनं एकाच टाकीला जोडलीत. तुमच्या त्या कोपऱ्यातल्या बेसिनचं पाणी तर एकदम झकास, साबणच नाही. थेट फ्लशला जातं."

ज्याला ती देव म्हणत होती, त्याला आठ महिने स्वतःच्या हाताने संडासात ओतत होती.

हे चारचौघांत बोलायची तिला लाज वाटली. शनिवारी तिने पापकबुलीच्या जाळीशी गुडघे टेकले आणि हुंदके देत सगळं सांगितलं. जाळीपलीकडे फादरांनी मनात हिशोब केला. या टाकीसाठी समितीला बक्षीस द्यायला बिशप पुढच्याच महिन्यात यायचे होते. फरशी पुन्हा उखडायची तर कारण सांगावं लागणार होतं. फादर म्हणाले, "देवाने तुला क्षमा केलीय. आणि इथे बोललेलं इथेच राहतं."

मावशीला वाटलं, हे बंधन दोघांनाही आहे. खरं तर ते कुलूप फक्त फादरच्या तोंडाला असतं. सांगणाऱ्याने वाटलं तर चव्हाट्यावर सांगावं. 'बाहेर ये आणि मला पुन्हा सांग,' एवढं फादरांनी म्हटलं असतं तरी काम झालं असतं. फादरना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण अळीमिळी गुपचिळी त्यांनाही सोयीची होती.

सोमवारपासून मावशी पहिलं पाणी तांब्यात घेऊन चर्चमागच्या झाडाखाली मातीत ओतू लागली. थेंबसाहेबांनी मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि समितीच्या बैठकीत मावशीला बोलावून सगळ्यांना दाखवला.

"आपल्याच घरात ही नासाडी. का हो मावशी, आत बेसिन असताना?"

मावशीने फादरांकडे पाहिलं. फादर कागद वाचत होते.

"बोला की," थेंबसाहेब म्हणाले.

"चुकलं," मावशी म्हणाली.

तिचं वय झालं असं ठरलं आणि काम सुनेला मिळालं. सून खूश होती. पहिल्या दिवशी मावशी दारात उभी राहिली. थेंबसाहेबांनी बोट दाखवलं त्या दगडी बेसिनमध्ये सुनेने पहिलं पाणी मन लावून ओतलं. मावशीने तोंडात पदराचा बोळा कोंबला. देवाची ही विटंबना एका शब्दाने थांबली असती, आणि तो शब्द तिला पाप वाटत होता.

बक्षिसाच्या दिवशी बिशपांचं भाषण लांबलं. मावशीला म्हातारपणी लघवी दम धरू देत नसे. ती उठून संडासाशी गेली. दारावर नवी पाटी होती: इथे एकही थेंब वाया जात नाही. आत फ्लशचा दांडा दिसला. तिने बाहेरूनच दार पुन्हा लावलं आणि घरचा रस्ता धरला. मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, सुनेचं कौतुक सोसवेना."

चौकात पोचेपर्यंत कपडे ओले झाले होते. शाळेतली पोरं फिदीफिदी हसली.

"चर्चमध्ये एवढा चकाचक संडास आहे, तिथे जायला काय झालं होतं?" सून घरी बादलीत ते कपडे खळबळून काढत पुटपुटली. पण समितीने शिकवलेलं ती विसरली नव्हती. पहिलं पाणी तिने मोरीत सोडलं नाही. बादली उचलून अंगणात गेली आणि जपून, एकही थेंब न सांडता, रोपाच्या मुळाशी मातीत ओतली.

मावशी ते बघत होती. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.