चुलीपुढचा अल्जिब्रा

पौर्णिमा लग्नानंतर पुन्हा कॉलेजात जायला निघाली तेव्हा तिच्या सासूबाईंनी, भामाबाईंनी, एकच अट घातली.

"तू दिवसभर केजला जाणार आन मी हितं तुझी पोरगी सांबाळणार. मंग मला काय?"

"काय पाहिजे, आत्या?"

"तिथं जे शिकिवत्यात ते रोज संध्याकाळी मला सांगायचं. समदं. उगं वरवर न्हाई."

पौर्णिमा हसली आणि हो म्हणाली. तिला वाटलं, चार दिवसांत सासूबाई कंटाळतील. पण भामाबाई कंटाळणाऱ्यांतल्या नव्हत्या. शाळेची पायरी त्यांनी चढली नव्हती, आणि त्याबद्दल त्यांना कधी कुणी हळहळताना पाहिलं नव्हतं. मात्र चार माणसं आत बसून काहीतरी बोलताहेत आणि आपल्याला ते कळत नाही, ही गोष्ट त्यांना जन्मात सहन झाली नव्हती.

पौर्णिमा मूळची कडा गावची. वैशाखी पौर्णिमेला जन्मली म्हणून वडिलांनी ते नाव ठेवलं. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. बाटलीवर औषधाच्या मात्रांच्या खुणा करताना ते लेकीला शेजारी बसवत. गणिताची गोडी तिला तिथेच लागली असावी. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं आणि नांदूरघाटचं स्थळ आलं. मुलगा, अनिल, लाइनमन. पगारदार, निर्व्यसनी, बोलायला गोड. लग्न झालं, वर्षाने माया झाली, आणि पुस्तकं माळ्यावर गेली. माया दोन वर्षांची झाली तेव्हा अनिलनेच ती खाली काढली. धूळ झटकत म्हणाला, "राहिलेली दोन वर्षं उरकून टाक. नंतर म्हणशील, माझ्यामुळं राहिलं."

अशी ती दुसऱ्या वर्षाला केजच्या कॉलेजात दाखल झाली. नव्या नियमांप्रमाणे पदवी म्हणजे नुसतं गणित नव्हे, हे तिला तिथे गेल्यावर समजलं. गणित मुख्य विषय. जोडीला दुय्यम म्हणून भौतिकशास्त्र. शिवाय दुसऱ्या शाखेतला एखादा विषय, पर्यावरणाचा पेपर आणि एक फील्ड प्रोजेक्ट. प्रत्येकाचे क्रेडिट ठरलेले; कुठे कमी पडले तर पदवी अडून राहते. हे सगळं तिने पहिल्याच संध्याकाळी सांगितलं तेव्हा भामाबाई म्हणाल्या, "म्हंजे रुखवतावाणी. लाख मांडलं तरी काय न्हाई त्याच्यावरच पाव्हण्यांची नजर."

अंगणातल्या चुलीपुढे पौर्णिमा भाकरी थापायची आणि सांगायची. भामाबाई मायाला मांडीवर घेऊन ऐकायच्या. मागच्या गल्लीतल्या केसरबाई संध्याकाळी दूध घालायला येत. त्यांच्या घरी चार शेळ्या आणि दोन म्हशी. पहिल्यांदा त्या दारातूनच म्हणाल्या, "काय गं भामे, कीर्तन लावलंय का घरात?" आणि टेकल्या त्या टेकल्याच. तेव्हापासून दुधाची किटली बाजूला ठेवून त्याही ऐकू लागल्या.

संभाव्यता सांगताना पौर्णिमा म्हणाली, शेळीला जुळी करडं झाली तर दोन्ही माद्याच होतील, असं चारांतून एकदा घडायचं. केसरबाई म्हणाल्या, "हे माझ्या शेळीला येऊन सांग बाई. तीन वर्सं झाली, बोकडंच देती." फील्ड प्रोजेक्टसाठी आठवडी बाजारातल्या कांद्याच्या भावाची माहिती गोळा करायची होती. भामाबाई हौसेने सोबत गेल्या, आणि पौर्णिमा भाव लिहून घ्यायच्या आत प्रत्येक दुकानदाराशी घासाघीस करून तो उतरवत गेल्या. सगळे आकडे बिघडले. पुढच्या बाजारी पौर्णिमा गुपचूप एकटीच जाऊन आली.

असं एक वर्ष गेलं. या संध्याकाळी पौर्णिमाला आवडायच्या. बसमधून येताना आज आत्यांना हे कसं सांगायचं याचा विचार करता करता तिला तो धडा स्वतःलाच नीट समजत असे. दुसऱ्या वर्षाला तिला चांगले गुण मिळाले, त्यात तिच्या हुशारीइतकाच या चुलीचाही वाटा होता.

तिसऱ्या वर्षाच्या आरंभी अडचण उभी राहिली. आता गणितातली एक बाजू निवडायची होती. स्टॅटिस्टिक्स किंवा अल्जिब्रा, दोन्हींतलं एक. भागवत सर गणित विभागाचे प्रमुख, बोलायला तुटक पण मुलांची काळजी असणारे. त्यांनी वर्गात सांगितलं, "पंधरा दिवस दोन्ही तासांना बसा. सोमवारी-बुधवारी अल्जिब्रा, मंगळवारी-गुरुवारी स्टॅटिस्टिक्स. मग काय ते ठरवा. एकदा फॉर्म भरला की बदल नाही. नंतर रडत येऊ नका."

वर्ग जवळजवळ सगळा स्टॅटिस्टिक्सकडे वळलेला होता. स्पर्धा परीक्षेला उपयोगी, बँकेत उपयोगी, कुठेही अर्ज करताना लिहिलेलं बरं दिसतं. अनिलचंही मत तेच.

"हे बघ, मला दोन्हींतलं काही कळत नाही," तो म्हणाला. "पण एकाचं नाव ऐकलं की साहेब लोक मान डोलवतात, आन दुसऱ्याचं ऐकलं की विचारतात, म्हणजे काय? आपण पहिलं घ्यावं."

तो चुकीचं बोलत नव्हता, हे पौर्णिमालाही पटत होतं. पण अल्जिब्राच्या पहिल्याच तासाला तिचं काहीतरी झालं होतं. भागवत सरांनी फळ्यावर एक चौकोन काढला होता आणि तो फिरवायचे, उलटवायचे प्रकार मांडले होते. एकापाठोपाठ दोन प्रकार केले तर तिसराच मिळतो, पण तोही त्यांच्यातलाच असतो. बाहेरचं कुणी येतच नाही. आकडे कुठेच नव्हते. तरी ते गणित होतं, आणि इतकं नीटनेटकं होतं की तास संपल्याचं तिला शेजारच्या मुलीने सांगितलं.

त्या संध्याकाळी तिने ते सांगायला घेतलं. पुस्तकात जसं होतं तसंच घडाघडा सांगत सुटली. संच, क्रिया, चार नियम, पहिला नियम, दुसरा नियम. भामाबाई ऐकत राहिल्या. मग विचारलं, "आन ह्याचं करायचं काय?"

"करायचं काही नाही, आत्या. ते असं असतं."

"असं व्हय," भामाबाई म्हणाल्या. केसरबाई किटली उचलून म्हणाल्या, "चला, धारा काढायच्यात." धारा तर त्या काढूनच आल्या होत्या.

मंगळवारी पौर्णिमाने नमुना निवडण्याची पद्धत सांगितली. गाडीभर कापसातून मूठभर कापूस कुठून कुठून काढायचा म्हणजे सगळ्या गाडीचा अंदाज येतो. केसरबाई चुलीला चिकटून बसल्या. भामाबाईंनी कापूस घेणारे वरचा तेवढाच कसा बघतात याची दोन उदाहरणं दिली. गप्पा रंगल्या, भाकऱ्या टम्म फुगल्या. बुधवारी पुन्हा अल्जिब्रा, आणि पुन्हा तेच. पौर्णिमा बोलतेय, दोघी गप्प. असे पंधरा दिवस गेले.

एव्हाना पौर्णिमाने मनाशी ठरवूनही टाकलं. स्टॅटिस्टिक्स. अनिलचं म्हणणं होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. माया आजीच्या मांडीवर वाढत होती, आणि त्याबदल्यात आजीने एकच गोष्ट मागितली होती. जे सांगता येणार नाही ते शिकायचं म्हणजे ठरलेलं मोडायचं. शिवाय त्या संध्याकाळी गेल्या तर कॉलेजातून घरी येताना बसमध्ये विचार कशाचा करायचा?

फॉर्म भरायच्या आदल्या संध्याकाळी तिने पीठ मळता मळता सहज म्हटल्यासारखं सांगितलं, "उद्या स्टॅटिस्टिक्स भरते, आत्या."

अनिल नुकताच कामावरून येऊन हातपाय धूत होता. तो म्हणाला, "झकास."

भामाबाई मायाच्या केसांतला गुंता सोडवत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आन आज काय शिकिवलं?"

बुधवार होता. पौर्णिमा म्हणाली, "आज राहू द्या. अल्जिब्रा होतं. ते काही आता मी घेणार नाही."

"सांग की. शेवटचंच हाय तर सांग."

मग पौर्णिमाने सांगायला सुरुवात केली, पहिल्यांदा थोडी नाराजीने आणि मग नेहमीसारखी. हातातलं उलथनं तिने जमिनीवर ठेवलं, राखेत बोटाने चौकोन काढला, त्याचे कोपरे दाखवले, पुसला, पुन्हा काढला. तव्यावरून धूर निघाला तेव्हा अनिलच ओरडला, "अगं भाकर!"

भाकरी एका बाजूने कोळसा झाली होती. पौर्णिमा ओशाळून ती उचलू लागली. भामाबाई मात्र हसत होत्या.

"माझ्या ध्यानात आलंय बरं का," त्या म्हणाल्या. "सोमवारी दूध उतू गेलं. त्याच्या आदल्या बुधवारी पिठलं बुडाला लागलं. त्याच्या आदी कोरड्यासात मीठच न्हवतं, आमी गुमान खाल्लं. मंगळवारी-गुरुवारी सैपाक एक नंबर. ते कापसाचं सांगत व्हतीस तवा भाकरी अशी फुगली की बस्स."

"म्हणजे स्टॅटिस्टिक्सच बरं की, आत्या. मन ठिकाणावर राहतं."

"सैपाकासाठी बरं. तू केजला कावून जातीस? सैपाक शिकाया?"

पौर्णिमाने जळकी भाकरी बाजूला ठेवली.

अनिल हातपाय पुसता पुसता म्हणाला, "माय, उद्या नोकरीला कोण विचारील ते बघावं लागतं. असं भाकरी जळाली म्हणून विषय घेत नसत्यात."

"तू गप. तुजा बाप तुला म्हणत व्हता, दुकानात हिशेबाला बस, सावलीत ऱ्हाशील. बसलास का? तू ल्हानपनी लिंबाच्या झाडावरनं खाली उतरत न्हवतास, आता खांबावरनं उतरत न्हाईस. आन पगार मिळतोच की तुला."

अनिलला हसू आलं. "झाडाचं काढू नको, माय. पोरगी ऐकतीय."

"पण आत्या," पौर्णिमा म्हणाली, "ते मला तुम्हाला सांगता येत नाही. तुम्हाला त्यात गोडी लागत नाही, मला दिसतं ते."

"सांगता येत न्हाई तर शीक सांगाया. वरीसभर हाय की." भामाबाईंनी मायाला अनिलच्या हातात दिलं, पदर खोचला आणि तिला बाजूला सारून चुलीपुढे बसल्या. "आन त्या विषयाच्या दिवशी भाकरी मी करीन. तू तिकडं बसून सांग. पीठ महाग झालंय."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमाने अल्जिब्रा भरला. भागवत सरांनी फॉर्म वाचून चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "घरी विचारलंय?"

"हो सर. घरच्यांनीच सांगितलं."

सरांनी सही केली.

तेव्हापासून आठवड्यातून दोन संध्याकाळी सासू भाकरी थापू लागली आणि सून हात पुसून बसू लागली. केसरबाईंनी पहिल्या दिवशी टोमणा मारला, "वा गं राणी, सासू चुलीला आन सून तक्क्याला." पण टोमणा मारून त्या गेल्या मात्र नाहीत. पौर्णिमाने पुस्तकातले शब्द बाजूला ठेवले. भाकरीच्या दुरडीतलं चौकोनी फडकं घेऊन ती फिरवून दाखवू लागली. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, उलटं केलं. फडकं दिसायला तसंच राहतं, पण कोपऱ्याला हळदीचा डाग होता त्यावरून कुठला कोपरा कुठे गेला ते कळायचं.

मग एके दिवशी ती म्हणाली, "आणि काहीच न करणं, हेही एक करणंच धरायचं. ते नसलं तर बाकीचं जमत नाही."

भामाबाई उसळल्या. "काय न करनं म्हंजे करनं कसं गं? काय तरीच."

"आमच्या मालकाला इचार," केसरबाई म्हणाल्या. "सकाळधरनं तेच करत्यात, वर म्हनत्यात दमलो."

चुलीपुढे हशा पिकला, आणि त्या हशातून वाद सुरू झाला. तो जेवणं होईपर्यंत चालला. दुसऱ्या दिवशी दळण घेऊन जातानाही दोघी त्यावरच बोलत होत्या, असं गिरणीवाला अनिलला सांगत होता.

त्यानंतरच्या बुधवारी पौर्णिमाने पुढचा नियम सांगितला. इथे प्रत्येक गोष्टीला तिची उलटी गोष्ट असते. फडकं उजवीकडे फिरवलं तर डावीकडे फिरवून पुन्हा होतं तिथे आणता येतं. जे केलं ते मोडून पहिल्यासारखं करता आलं पाहिजे, तरच ते यात बसतं.

भामाबाई थापता थापता थांबल्या. "सुताचा गुंता बसंल ह्याच्यात?"

"सुटत असेल तर बसेल."

"दार?"

"उघडता येतं, लावता येतं. बसेल."

"दूध? दूध नासलं तर?"

"नाही बसणार, आत्या. त्याचं पुन्हा दूध होत नाही."

"आन..." भामाबाई चुलीकडे बघत होत्या, पण चूल त्यांना दिसत नव्हती. पिठाचा हात तसाच अधांतरी होता. "आन बोललेलं? बोललेलं माघारी घेता येतं का न्हाई? येतं म्हनलं तर येतं. न्हाई म्हनलं तर..."

केसरबाईंनी नाक वर करून वास घेतला. पौर्णिमाने तव्याकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि तोंडावर हात धरला. अनिल दारातून काही बोलणार होता, तिने त्याला डोळ्यांनीच दटावलं.

भामाबाईंच्या ध्यानात यायला आणखी थोडा वेळ गेला. मग त्यांनी उलथन्याने भाकरी उचलली, दोन्ही बाजूंनी नीट पाहिली आणि दुरडीत टाकत म्हणाल्या, "ही बी न्हाई बसत. चल, पुढं सांग."