काळी गुंडी पोचली का?

शांताआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिडूनच म्हणाले, "काहीतरीच काय! सकाळी तर मीच तिला घाटंजीच्या एसटीत बसवलं." पण खरं होतं. संध्याकाळी कटिंगच्या टेबलाशी उभ्याउभ्या ती कोसळली होती…

आत्या घाटंजीत एकटी राहायची, बायकांचे ब्लाउज शिवायची आणि मोटारींच्या शर्यतींवर जीव टाकायची. हे सगळं एकाच बाईत कसं, ते मला कधी उमगलं नाही. शर्यतीच्या रविवारी गल्लीतल्या बायका शेतातून आल्या की तिच्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसायच्या. मग शर्यतींचं ते चॅनल पैशाचं झालं. कापसाला भाव नसलेली ती वर्षं. लोक केबलच तोडत होते, तिथे शर्यती कोण विकत घेणार? केबलवाल्याने हात वर केले. बायका फुकटच्या सिनेमाकडे वळल्या. "आपल्याले काय करायचं त्या गाड्याचं?" असं शेजारची रुक्माबाईच पहिल्यांदा म्हणाली. शर्यत गेल्यापेक्षा बैठक मोडल्याचं आत्याला जास्त लागलं.

पण ती कुठली गप्प बसतेय! शर्यतीच्या रविवारी ती एसटीने माझ्याकडे लोहाऱ्याला येऊ लागली. आमच्याकडे ते चॅनल होतं. वही नाही, पेन्सिल नाही, नुसती डोळे लावून बसायची. पहिली गाडी आली की मी चहा टाकायला उठायचे. ती नाही. "पहिल्याले तं सारेच पाह्यतात," म्हणायची. शेवटची गाडी पोचल्याशिवाय तिचं बूड हलत नसे.

सोमवारी संध्याकाळी ती तीच शर्यत बायकांना सांगते असं कानावर आलं, म्हणून मी एकदा पाहायला गेले आणि थक्क झाले. टेबलावर खडूने आखलेला वळणावळणांचा रस्ता, त्यावर ब्लाउजच्या गुंड्या. लाल पुढे, निळी तिच्या मागे, काळी सगळ्यांत शेवटी. आत्या सांगत होती, गुंड्या सरकवत होती, आणि दिवसभर कपाशीत वाकलेल्या बायका श्वास रोखून उभ्या होत्या. टीव्हीसमोर असायच्या त्याहून जास्त! रुक्माबाई तर सगळ्यांच्या पुढे. तीच शर्यत मी पाहिली होती… की पाहिलीच नव्हती? एवढं सगळं या बाईच्या डोक्यात मावलं कसं, या विचाराने अंगावर काटा आला.

महिन्याभराने मी तिची खोली आवरायला गेले. टेबलाला कुणी हात लावला नव्हता. बाकीच्या गुंड्या पोचलेल्या, काळी तेवढी शेवटच्या रेषेच्या दोन बोटं अलीकडे. तिथवर सांगून आत्या कोसळली होती. बायका दारात जमल्या.

"बाई, तू तं पाह्यली ना शर्यत," रुक्माबाईने विचारलं. "काळी पोचली का?"

मी तेव्हा चहा टाकत होते. इतकी लाज मला आजवर कशाची वाटली नाही.

रुक्माबाई पुढे झाली आणि एका बोटाने तिने काळी गुंडी रेषेपार सरकवली.

"पोचली असन," ती म्हणाली. "पोचल्याबिगर शांता तुह्या घरून उठलीच नसती."