बुडबुडेमास्तर आणि सुमीचं पेन

आमचे मास्तर पेनाची कांडी दातावर वाजवून बघत. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारा ऊस खातोय. पुढच्या दोन दातांवर टक् टक् करत ते कांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत, मध्येच थांबत आणि नखानं खूण करत. "इथं आहे बघ." कांडी लेथवर चढवून तिथवर घासली की बुडबुडा उघडा पडलाच म्हणून समजा; कधी मोहरीएवढा, कधी तिळाएवढा. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलं नव्हतं, तरी सगळं डहाणू त्यांना बुडबुडेमास्तर म्हणे. त्यांना त्याचा राग नव्हता. कोणी पत्ता विचारत आलं तर छातीवर हात ठेवून सांगत, "मीच तो."

साठ साल उलटून पाचसात वर्षं झाली होती. डहाणू रोडला स्टेशनाजवळच्या गल्लीत त्यांचं पेनाचं दुकान होतं आणि मी तिथं लेथवर होतो, चोवीस वर्षांचा. बाबांची होडी होती. पण कोळ्याच्या पोटी जन्म घेऊन मी होडीत बसलो की ओकायचो! बाबा वैतागले. मास्तरांकडे मला घेऊन आले आणि म्हणाले, "हा दर्यावर गेला तर मासेच याला खातील. याला कुठंतरी कोरड्यात बसवा." मास्तरांनी माझी बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि आधी चहा मागवला.

मुंबईहून डब्यातून राळ यायची. तिच्यात रंग कालवायचा, ती घट्ट करणाऱ्या औषधाचे मोजके थेंब टाकायचे आणि पत्र्याच्या नळ्यांत ओतायची. दुसऱ्या दिवशी नळीतून कांडी निघे. ढवळताना हवा शिरली की बुडबुडा झालाच, आणि मी तर सुरुवातीला ताक घुसळल्यासारखा ढवळत असे. "अरे भाई, कुणाशी भांडतोयस?" मास्तर ओरडत. "बाळाला थोपटतात तसा हात चालव." चूक झाल्यावर मात्र ते कधी चिडले नाहीत. बुडबुडा निघाला की त्यांना जणू जेवायला पान वाढल्यासारखं होई. बाह्या सरसावून बसत.

भोक भरावं तर त्यांनीच. आधी सुईच्या टोकानं ते तळापर्यंत मोकळं करायचं. मग त्याच कांडीची घासून निघालेली भुकटी थेंबभर राळेत मिसळायची आणि सुईनं एकाच बाजूनं आत सोडायची, म्हणजे आतली हवा दुसऱ्या बाजूनं निघून जाते. वर थोडा उंचवटा ठेवायचा. मग दीड दिवस हात लावायचा नाही. आमच्या खाऱ्या, दमट हवेत त्याहून लवकर ते सुकतच नसे. शेवटी घासून, चकाकी देऊन पेन उन्हात धरायचं. भरलेली जागा सापडली नाही की मास्तर गुजरातीत म्हणत, "थई गयुं!" म्हणजे झालं! आमच्या पेनांत शाई थेट पोकळ केलेल्या कांडीतच ओतायची असे, त्यामुळे कांडीला सुईएवढं भोक राहिलं तरी शर्टाचं वाटोळं. म्हणून प्रत्येक पेन रात्रभर पाण्यानं भरून रद्दीवर उभं राही. सकाळी कागद कोरडा तरच ते कपाटात.

भोकात रंगीत मेण दाबून पेनं खपवणारेही होते. पाच मिनिटांचं काम, आणि दिसायला तेवढंच गुळगुळीत. मी एकदा तसं केलं. मास्तरांनी ते पेन माझ्यासमोर टाचेखाली चिरडलं. "मेण उन्हात कबुली देतं, वासू. तू मग कुठं तोंड लपवशील?" असा माणूस! माझ्या डोळ्यात लेथचा कचरा उडाला, तेव्हा मला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळाले होते, वहाणा न घालता. बाबांवर माझा जीव होता, पण विश्वास म्हणाल तर तो मास्तरांवर जास्त होता. हे आज लिहितानाही मला माझीच चीड येते.

माझी धाकटी बहीण सुमी त्या वर्षी मॅट्रिकला बसली. आमच्या घरात तिथवर पोचलेली ती पहिली. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पास झालीस तर मास्तरीण हो, माझी ना नाही. नापास झालीस तर पुढं नाही, सरळ उजवून टाकीन." सुमीची तयारी पक्की होती. गणिताला तेवढी ती घाबरे. बुडबुडेमास्तरांनी अख्ख्या बाजारात जाहीर केलं, "सुमी गणिताचा पेपर माझ्या हातच्या पेनानं लिहिणार!" तिच्यासाठी निळ्यापांढऱ्या रंगाची कांडी ओतली. तिचं जुनं पेन नीट चालत होतं, तर म्हणाले, "त्याला हात लावशील तर बघ!"

गणिताच्या आदल्या दिवशी बाबांनी मला तलासरीला एका नातेवाइकाकडे पाठवलं होतं. संध्याकाळी सुमी दुकानात जाऊन पेन घेऊन आली. सकाळच्या बसनं बोर्डीला गेली, तिथं तिचं केंद्र होतं. मार्च महिना, दुपारचा पेपर, घामेजलेला हात. पेन जिथं पहिल्या बोटाखाली येतं, नेमकी तिथंच शाई पाझरू लागली. दोन पानं बरबटली. तिनं ती पुन्हा लिहायला घेतली, शेजारणीकडून पेन मागितलं, आणि शेवटची गणितं तशीच राहिली. घरी आली तेव्हा हात कोपरापर्यंत निळा होता, आणि ती रडतही नव्हती.

बाबा पेन घेऊन तडक दुकानात गेले. मी त्या सकाळीच तलासरीहून परतून लेथवर होतो. मास्तरांनी पेन हातात घेतलं. मी जवळ जाऊन पाहिलं तर भोकाच्या कडेला मऊ पडलेलं निळं मेण! दुकानातलं राळ घट्ट करणारं औषध संपलं होतं, नवी बाटली मुंबईहून यायची होती, हे मला ठाऊक होतं. मास्तरांनी भोकावर अंगठा ठेवला आणि बाबांना म्हणाले, "हे परवाच वासूनं भरलं. पोरगा अजून कच्चा आहे. माफ करा त्याला."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मला वाटलं, आता हसतील, म्हणतील थट्टा केली. ते माझ्याकडे पाहतही नव्हते. बाबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "खरं का?" मास्तरांना उलट बोलायची मला सवय नव्हती. मी खाली बघितलं, आणि बाबांनी त्याचा जो घ्यायचा तो अर्थ घेतला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "मास्तर, असं का बोललात?" ते कांडी घासत होते. म्हणाले, "तू जवान आहेस, तुझं नाव पुन्हा होईल. माझं गेलं तर या दुकानात कोण येईल? तुझंही पोट यावरच ना?" वर माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायलो, काय सांगू! सुमी गणितात नापास झाली. ऑक्टोबरला पुन्हा बसते म्हणाली, बाबांनी ऐकलं नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न तलासरीला झालं. सासरी निघताना तिनं सगळ्यांना मिठी मारली आणि मला लांबून नमस्कार केला.

मी आणखी दोन वर्षं तिथंच राहिलो. मग अच्छाडला स्वतःचा लेथ टाकला. मास्तर निरोप पाठवत, मी जात नसे. ते वारले तेव्हा मात्र गेलो. लोक सांगत होते, शेवटपर्यंत म्हणायचे, भोक भरावं तर आमच्या वासूनं. मला रडू आलं आणि त्याच वेळी त्या निर्जीव माणसाला गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, मग बाबांसमोर का नाही म्हणालात हो?

तिथून मी घरी गेलो नाही, थेट तलासरीला गेलो. सुमी अंगणात भात पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: मेण, औषधाची बाटली, मास्तरांचं ते वाक्य.

सुमीनं सूप खाली ठेवलं. "दादा, पेन आणायला मीच गेले होते ना. मास्तरकाका माझ्यासमोरच अंगठ्यानं मेण दाबत होते. म्हणाले, उद्यापुरतं चालेल."

"मग तू घरी बोलली का नाहीस?"

"मला कोण विचारत होतं? विचारलं तुला, बाबांनी. तू खाली बघितलंस." तिनं पुन्हा सूप उचललं. "मास्तरकाका तर परकेच होते रे. त्यांचं मला काही वाटलं नाही."