चारशे बारा नंबरची बर्निस

ऑक्टोबर उजाडला की लोरेटा पेल्कीबाईंचं डोकं फिरायचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पर्समध्ये जपमाळ असावी. पण जपमाळेशेजारी मेण खरवडायचा बोथट चाकूही असे. मॅसॅच्युसेट्समधल्या त्या गावाबाहेर वेड्यांचं सरकारी इस्पितळ होतं, तिथे त्यांनी एकतीस वर्षं नर्सची नोकरी केली. इस्पितळ कधीच बंद पडलं, मागे दफनभूमी राहिली. थडग्यावर नाव घातलं तर घराण्याची अब्रू जाते, म्हणून नुसते नंबर कोरलेले विटेएवढे दगड.

मग गॉर्डन टिस्डेलने कादंबरी लिहिली. तिच्यात चारशे बारा नंबरच्या थडग्यातली वेडी काळ्या पोथीतले मंत्र पुटपुटून सैतानाला बोलावते. पुस्तक धो धो खपलं आणि दर ऑक्टोबरात काळ्या कपड्यांतली पोरंपोरी तिथे मेणबत्त्या लावायला येऊ लागली. वर खडूची वर्तुळं, कोंबडीची हाडं. निस्तरायला लोरेटाबाई आहेतच!

"सैतानाला दुसरा उद्योग नाही का? इथे येऊन काय कोबी खुडणार आहे?" असं करवादत त्या मेण खरवडत.

यंदा मात्र चारशे बाराचा दगडच जागेवर नव्हता. आजूबाजूचे दगड केव्हाच जमिनीत गडप झालेले. हाही गेला, तर त्याखालची बर्निस कुठे निजलीय हे सांगायला लोरेटाबाईंशिवाय कोणी उरणार नव्हतं, आणि त्या काही अमरपट्टा घेऊन आल्या नव्हत्या.

शनिवारी दुपारी गावच्या वाचनालयात गॉर्डनचं कादंबरीवाचन होतं. बाई जाऊन बघतात तो काय, दगड टेबलावर, पुस्तकांच्या ढिगाशेजारी, भोपळ्याला टेकवून ठेवलेला.

"अरे गॉर्डन, हे काय?"

"एका वाचकाने भेट दिलीय, मिसेस पेल्की."

"भेट? उद्या तुझ्या आईचा दगड कोणी मला आणून दिला, तर मी त्यावर फुलदाणी ठेवू?"

गॉर्डन ओशाळून म्हणाला, "तुम्ही होतात इस्पितळात. मीही एक उन्हाळा होतो, स्वयंपाकघरात भांडी घासायला. तिचे मंत्र मी स्वतःच्या कानांनी ऐकलेत. रोज, त्याच क्रमाने."

"मंत्र कसले डोंबलाचे! बियाण्यांची यादी होती ती!" बाई कडाडल्या. "फेफरं येतं म्हणून एकोणिसाव्या वर्षी बापाने आणून टाकली. चव्वेचाळीस वर्षं इस्पितळाच्या मळ्यात राबली. हात थरथरायला लागले तेव्हा आम्हीच तिचा मळा बंद केला. मग बियाण्यांचं जुनं यादीपुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि एकेक वाफा म्हणायची. बीट, वाटाणा, मुळा, घेवडा, लाल भोपळा. आणि मी काय म्हणायचे ठाऊक आहे? 'पुरे गं बर्निस, डोकं उठलं.'"

गॉर्डनने दगड उचलला आणि त्यांच्या गाडीत नेऊन ठेवला. त्याच संध्याकाळी बाईंनी तो जागेवर पक्का पुरला.

पुढच्या रविवारी प्रार्थना आटोपून त्या दफनभूमीत गेल्या, तर पुन्हा मेणबत्त्या! पाच पोरंपोरी दगडाभोवती गोल करून बसलेली. काळी लिपस्टिक लावलेली एक मुलगी डोळे मिटून म्हणत होती, "बीट, मुळा, वाटाणा..."

म्हणजे वाचनालयात ओकलेल्या रागाचा नवा मंत्र झाला होता. कपाळ! बाई चाकू काढून तरातरा पुढे गेल्या. पोरं धडपडत उठली.

"आम्ही काही मोडलं नाही हो, आजी," मुलगी घाबरून म्हणाली.

बाईंच्या तोंडाशी चांगली सणसणीत शिवी आली होती, ती तिथेच राहिली. बर्निसची यादी शेवटपर्यंत ऐकायला इस्पितळात कधी कोणी थांबलं नव्हतं. त्या स्वतःही नाही. इथे पाच जण गारठ्यात मांडी घालून बसले होते.

"अगं, चुकतेयस," त्या वैतागून म्हणाल्या आणि गुडघे धरत खाली बसल्या. "बीटानंतर वाटाणा. मुळा मागाहून. म्हण, पुन्हा पहिल्यापासून."